उत्सवातील तंजावर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीच्या आज्ञेने बाबूराव चिटणिसांनी सिद्ध केलेले हे ‘भोसलेवंशचरित्र’ १८०३ साली दगडावर उतरले. महाराष्ट्रातून जाणारा अभ्यासक प्रथम या भिंतीसमोर उभा राहतो, चार ओळी लावून पाहतो, तेथून सरस्वती महाल ग्रंथालयात जातो, राजवाड्यातील दरबार पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. मराठी प्रवासवर्णनांतले तंजावर बहुधा या क्रमाने पाहिलेले असते. त्यात खोटे काही नाही. परंतु या मार्गाने पाहिलेले शहर हे पुराव्यांचे शहर ठरते, आणि पुरावा ज्या व्यवहारातून निर्माण झाला तो व्यवहार दृष्टीबाहेर राहतो. तंजावरच्या वास्तू, तेथील ग्रंथ आणि तेथील मराठी नाटके यांचा जन्म पंचांगाशी बांधलेला होता. ज्या तिथीसाठी त्या घडल्या, त्या तिथीस त्या पाहिल्या म्हणजे वाङ्मयेतिहासातील काही प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावे लागतात.

मंदिराचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या राजराज चोळाने १०१० साली ते पूर्ण केले. सुमारे दोनशे सोळा फुटांचे त्याचे विमान हा स्थापत्याचा विषय झाला. पण राजराजाने भिंतींवर जे कोरून घेतले ते स्थापत्याविषयी फारसे बोलत नाही. त्यात दाने आहेत, दिव्यांच्या तुपाची व्यवस्था आहे, सोन्याच्या दागिन्यांची वजने आहेत, आणि चोळमंडलातील निरनिराळ्या देवालयांतून आणून वसविलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांच्या घरांच्या जागांसह, नोंदलेली आहेत. पुढे दुसऱ्या राजेंद्राच्या काळच्या एका लेखात वैशाखी उत्सवात ‘राजराजेश्वर’ नावाचे नाटक करणाऱ्या नटासाठी वार्षिक धान्याची नेमणूक लावून दिल्याचा उल्लेख सापडतो. नाटकाची संहिता उरलेली नाही; नेमणूक मात्र दगडावर आहे. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

राजराजाचे जन्मनक्षत्र शततारका, तमिळमध्ये सदयम्. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, हे नक्षत्र येते तेव्हा ‘सदय विळा’ साजरा होतो. शिवलिंगास अभिषेक होतो, ओदुवार तेवारम् गातात, राजराजाच्या पुतळ्यास हार घातले जातात. एरवी पुरातत्त्व खात्याच्या फलकांनी बोलणारे हे आवार त्या दिवशी पुन्हा देवस्थान होते. आणखी एक तपशील मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा. तंजावरच्या राजवाडा देवस्थानाखाली येणाऱ्या अठ्ठ्याऐंशी देवळांत या मंदिराचा समावेश असून त्याचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. राज्य गेले, सत्ता गेली; उत्सवातील मान राहिला.

मराठ्यांकडे तंजावर आले ते १६७५ च्या सुमारास. नायकांची सत्ता १६७३ साली मदुरेच्या आक्रमणात संपली होती, आणि विजापूरच्या वतीने आलेले व्यंकोजीराजे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, पुढे स्वतःच गादीवर बसले. त्यांनी जे राज्य घेतले त्यात प्रजा तमिळ होती, दरबारी वाङ्मयाची भाषा तेलुगू होती आणि शास्त्रचर्चा संस्कृतात चाले. विजयराघव नायक स्वतः यक्षगाने रचणारा राजा होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी हा वारसा निःसंकोच स्वीकारला. तिरुवारूरच्या त्यागेशाच्या उत्सवासाठी त्यांनी तेलुगूत ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ रचला. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र आणल्या. आणि मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ लिहिले. तिरुविशनल्लूर हे गाव १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून देऊन त्यास शहाजिराजपुरम् असे नाव दिले, तेही याच राजाने. त्या गावी कार्तिकी अमावास्येस श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांच्या विहिरीत गंगा प्रकट झाल्याच्या कथेवरून आजही स्नानाचा उत्सव भरतो. स्नानास येणाऱ्यांना गावाचे राजदत्त नाव ठाऊक असेलच असे नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासकारांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याणा’विषयी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला : मराठीतील पहिले नाटक हे, की विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस केलेले ‘सीतास्वयंवर’? एका पक्षाने तंजावरचे दीडशे वर्षांचे ज्येष्ठत्व सांगितले, दुसऱ्याने ही नाटके महाराष्ट्रात पोचलीच नाहीत, म्हणून परंपरेत धरता येत नाहीत असे म्हटले. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे आणि वाद मात्र निष्फळ आहे. जन्मतारखेने परंपरा सिद्ध होत नाही. विचारावयास हवा तो प्रश्न असा की, तंजावरात दीड शतक मराठी नाटके लिहिली गेली असता तेथील कोणत्याही उत्सवात आज त्यांचा प्रयोग का होत नाही? हा प्रश्न सरस्वती महालात बसून सुचणे कठीण. तो सुचतो तंजावरपासून सुमारे अठरा किलोमीटरवरील मेलट्टूर या गावी, वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या रात्री.

मेलट्टूर हे तेलुगू ब्राह्मणांचे गाव. अच्युतप्पा नायकाने आंध्रातून आलेल्या कुटुंबांना घरे, जमिनी आणि विहिरी देऊन ते वसविले, म्हणून अच्युताब्धी किंवा अच्युतपुरम् असेही त्याचे नाव. नृसिंहजयंतीस तेथे वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भागवतमेळ्याचा आरंभ होतो. वेंकटराम शास्त्री (१७४३–१८०९) यांनी रचलेली तेलुगू नाट्ये, त्यांतही ‘प्रह्लादचरित्र’, ही या मेळ्याची संपत्ती. सर्व भूमिका पुरुषच करतात. लीलावतीची वेदना एखादा प्रौढ गृहस्थ नेसूचे पातळ सावरीत अशा तन्मयतेने उभी करतो की शहरी प्रेक्षकाचे प्रारंभीचे हसू काही क्षणांतच मावळते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो. कोणंगी विदूषकासारखा नाचून जातो, गणपतीचे सोंग येते, मग एकेक पात्र प्रवेशाच्या दरूने आपली ओळख देत पुढे सरकते. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात पूजेस असतो. तो धारण करणारा उपवास करतो, आणि स्तंभ फुटण्याच्या प्रसंगी त्यास आवरून धरण्यासाठी माणसे उभी असतात. तोवर उजाडू लागलेले असते. प्रयोग आणि पूजा यांच्यामधली रेषा कोठे आखावी हे नाट्यशास्त्राच्या अभ्यासकास तेथे सांगता येणार नाही, आणि गावकऱ्यांना तशी गरजही भासत नाही.

या गावातील नट व्यवहारात तमिळ वातावरणात वाढलेले, घरात तेलुगू बोलणारे. प्रेक्षक बहुतांशी तमिळ. तरीही अठराव्या शतकातील तेलुगू संहिता मुखोद्गत राहिली. तिला चार आधार होते : जमीन, कुळे, दैवत आणि तिथी. मध्यंतरी मेळ्यावर पडत्या काळाची छाया आली, गावात तट पडले, विसाव्या शतकात त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले. पण पुनरुज्जीवनास धरून उभे राहावे असे काहीतरी तेथे होते. वेंकटराम शास्त्री ज्या काळात लिहीत होते तो तंजावरच्या मराठी राज्याचाच काळ. तेव्हा राजाश्रयाच्या मानाने मराठी नाटक तेलुगूच्या मागे होते असे म्हणता येत नाही. मराठी नाटकाला दरबार होता, गाव नव्हते.

दरबाराचा आधार किती काळाचा हे लवकरच दिसून आले. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीने राज्याचा कारभार इंग्रजांस देऊन तंजावरचा किल्ला तेवढा आपल्याकडे ठेवला. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला हा राजा मोठा विद्याव्यासंगी होता. १८२० नंतरच्या काशीयात्रेत त्याने ग्रंथ जमविले, नायकांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहाला सरस्वती महालाचे रूप दिले, आणि स्वतः ‘देवेंद्रकुरवंजी’ लिहिली. कुरवंजी म्हणजे डोंगराळ कुरव जमातीच्या भविष्यवेत्तीचे नाट्य. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते, सज्जातून ती पाहणारी नायिका मोहित होते, आणि कुरवंजी तिचा हात पाहून मनोरथ पूर्ण होईल असे सांगते. सरफोजीने या साच्यात कुरवंजीच्या तोंडून मराठीत जगाचा भूगोल वदविला. कल्पना मोठी कौतुकाची आहे. नाटक म्हणून तिचे आयुष्य मात्र अल्प दिसते. याच राजास नायक कल्पून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये रचलेली ‘शरभेंद्रभूपालकुरवंजी’ बृहदीश्वराच्या उत्सवात, देवळाच्या आवारातील खास चौथऱ्यावर, पिढ्यानपिढ्या नाचली गेली. मराठी राजा तमिळ पदांत विसाव्या शतकापर्यंत मिरवीत राहिला, आणि त्याची स्वतःची मराठी कुरवंजी रुमालात बांधून पडली. देवदासींची नेमणूक संपली आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने त्यांचे देवळातील नृत्य थांबले, तेव्हा तमिळ कुरवंजीचाही उत्सवाशी असलेला संबंध तुटला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने तो कायदा आवश्यकच होता. कलेच्या इतिहासात त्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो एवढेच.

दुसरा शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारला आणि कंपनीने गादी खालसा केली. मराठी नाटकांचा एकमेव आधार त्या वर्षी गेला.

आश्रय नाकारूनही परंपरा कशी टिकते याचे उदाहरण तंजावरच्या उत्तरेस, कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे आहे. सरफोजीच्या दरबाराचे आमंत्रण त्यागराजांनी (१७६७–१८४७) नाकारले अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्नकृती गातात, तेव्हा हे दृश्य अनादि असावे असे वाटते. वस्तुतः ते बरेच अर्वाचीन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यांच्या गटांत फूट पडून दोन आराधना होत असत, आणि स्त्रियांना त्यांत गाण्याची मुभा नव्हती. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील गायिकेने समाधीची दुरवस्था ऐकून आपल्या मिळकतीतून जागा घेतली, १९२० नंतरच्या दशकात समाधिमंदिर उभारले, आणि मज्जाव झाल्यावर स्त्रियांची तिसरी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास तिन्ही पक्ष एक झाले, आणि सामुदायिक पंचरत्नगायनाची प्रथा त्यानंतर रूढ झाली. १९५२ मध्ये वारलेल्या नागरत्नम्मांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. आराधनेच्या गर्दीत तिच्याकडे पाठ करून बसणारेच अधिक.

स्वातंत्र्योत्तर काळात उत्सवाला नवे आश्रयदाते मिळाले. राजवाड्यात १९५१ मध्ये कलादालन झाले, १९८६ मध्ये दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय तंजावरास आले, १९८७ मध्ये मंदिर जागतिक वारसा ठरले. अशा केंद्रांमुळे खेड्यातील कलावंतास व्यासपीठ आणि मानधन मिळते हे निर्विवाद आहे. पण रात्रभराचा प्रयोग दीड तासात बसवावा लागतो, आणि दैवत मागे गावातच राहते. २०१० मध्ये मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त पद्मा सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली एक हजार नर्तकांनी आवारात नृत्य केले. राजराजाच्या चारशे नर्तकींची आठवण त्यामागे होती. फरक असा की त्या चारशेंना घरे दिलेली होती. स्मारक आणि देवस्थान यांचा संघर्ष तर कधी भीषणही होतो. १९९७ च्या जूनमध्ये कुंभाभिषेकासाठी घातलेल्या यागशाळेच्या मांडवास आग लागून चाळीसहून अधिक भाविक दगावले. पुढचा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. त्यापूर्वी मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि दोन्ही भाषांस मान्यता मिळाली. भिंतीवरची तिसरी भाषा त्या वादात कोणास आठवण्याचे कारण नव्हते.

सरस्वती महालात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तराचे रुमाल आहेत. १९१८ मध्ये हे ग्रंथालय लोकांस खुले झाले. त्यातील नाटकांच्या संहिता काही प्रमाणात प्रकाशित झाल्या, मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. परंतु मराठीचा एक प्रवाह या कपाटांबाहेरही गेला, आणि त्याकडे वाङ्मयेतिहासाने पुरेसे पाहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरास येत, चातुर्मासात कीर्तने करीत. ती ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची नवी घडण केली. तीत आख्यानाची मांडणी महाराष्ट्रीय कीर्तनाची राहिली, कथानक पुढे नेण्यासाठी साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे प्रकार त्याच नावांनी स्वीकारले गेले, शब्द मात्र तमिळ झाले. कृष्ण भागवतर १९०३ साली निवर्तले. त्यांच्या पद्धतीची कथा आजही मार्गळी महिन्यात आणि रामनवमीच्या मांडवांत होते, आणि कथेकरी साकी म्हणू लागला की झांज धरणारा तमिळ साथीदार चाल न सांगता उचलतो.