मधली काच

चाळिशी या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक वयाची आणि दुसरी नाकावरची. मला दोन्ही एकाच वर्षी लागल्या. त्यात माझी नोकरी बँकेतल्या काउंटरवरची. म्हणजे डोळ्यांवर एक काच, समोर दुसरी काच, आणि त्या दुसऱ्या काचेला खाली अर्धगोल भोक. वीस वर्षं देवळा तालुक्यातली माणसं मी त्या भोकातून पाहतो आहे. कांद्याला भाव असला की भोकातून हसरा चेहरा दिसतो, भाव पडला की नुसती टोपी दिसते. अशा माणसाला स्वतःच्या पैशाने तिसरी काच विकत घ्यायची अवदसा का आठवावी, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात आईपासून झाली. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. एके रात्री आई अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "आता पहिल्यासारख्या चांदण्या नाही ऱ्हायल्या रे. आभाळ पुसलं कोणी तरी."

आईच्या बोलण्याला वजन होतं. वडिलांबरोबर ती मळ्यात रात्रीचं पाणी भरायला जायची, तेव्हा दोघांकडे मिळून एकही घड्याळ नव्हतं. तिकांडं कुठवर आलं आणि म्हातारीची बाज किती कलली, यावर दारं मोडायची वेळ ठरायची. अशा बाईने आभाळाविरुद्ध तक्रार केली तर ती नोंदवून घ्यायलाच हवी. मी ती नोंदवली आणि बी. कॉम.च्या आत्मविश्वासाने लगेच निकालीही काढली. "आई, हा दिव्यांचा दोष. पूर्वी गल्लीत मिणमिणते दिवे होते. आता सगळीकडे लख्ख उजेड. त्यात चांदण्या बुडतात."

आई "असंल बाबा" म्हणाली आणि कुशीवर वळली. प्रकरण तिथे मिटायचं. पण आमच्या शाखेतल्या एका तरुण सहकाऱ्याने सांगितलं की, गावाचा उजेड गाळून आभाळ तेवढं टिपणारी एक काच मिळते. ती कॅमेऱ्याच्या आत बसवायची. मात्र त्यासाठी कॅमेरा मिररलेस हवा. मिररलेस म्हणजे ज्यात आरसा नाही. एवढे पैसे घालवलेल्या माणसाला स्वतःचं तोंड पाहायची वेळ येऊ नये म्हणून तो काढला असावा, असं मला हप्ते सुरू झाल्यावर वाटू लागलं.

काच आली. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी, बारीक चौकटीत बसवलेली. या कॅमेऱ्याचं भिंग काढलं की आत सेन्सर दिसतो, म्हणजे जुन्या फिल्मची जागा घेतलेली चकती. त्याच्या पुढ्यात ही चौकट खट्कन अडकवायची आणि भिंग पुन्हा लावायचं. एरवी अशी काच भिंगाच्या तोंडावर आटे फिरवून बसवतात. पण प्रत्येक भिंगाचं तोंड वेगळ्या मापाचं, आणि फार रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाचं तर पुढे फुगलेलं. त्यावर काही बसतच नाही. आत बसवली की एकच काच सगळ्या भिंगांना चालते. माठाच्या तोंडावर एकदा फडकं बांधलं की प्रत्येक पेल्याला वेगळी गाळणी लागत नाही, तसंच हे.

बायकोने ती काच उजेडाकडे धरून पाहिली. "अहो, हिने फोटोत रंग येतात का?"

"नाही. ही रंग घालत नाही. नको तो काढून घेते."

"पैसे देऊन काढून घ्यायचं? ते तर तुमची बँक न सांगता करते."

यावर मी इतिहास वाचायला बसलो. विकत घेतलेल्या वस्तूचा इतिहास वाचला की किमतीचं दुःख कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

इतिहास मोठा गमतीचा निघाला. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने जगातलं पहिलं रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखवलं. नावात क्लार्क असलेला माणूस एवढं काही करून गेला, हे वाचून ऊर भरून आला. चित्र एका रंगीत चौकड्यांच्या फितीचं होतं. थॉमस सटन नावाच्या छायाचित्रकाराने ती फीत लाल, हिरव्या आणि निळ्या द्रवांतून वेगवेगळी टिपली. मग त्या पट्ट्या त्याच रंगांच्या उजेडाने पडद्यावर एकावर एक टाकल्या आणि रंग उमटले. टाळ्या पडल्या.

पण त्या काळच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नव्हता! मग लाल आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९६१ च्या सुमाराला कळलं की, सटनच्या लाल द्रवातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही निसटत होते, आणि त्या फितीचा लाल रंग नेमके तेच किरण परतवत होता. प्लेटेने अतिनील पाहिला आणि आपण लाल पाहिला असं लिहून दिलं. म्हणजे चूक अधिक चूक, बाकी टॅली.

हे वाचून मला परकं वाटलं नाही. एका संध्याकाळी माझी कॅश पैशा-पैशाने जुळली होती. मी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली. एकाला मी शंभर रुपये जास्त दिले होते आणि एकाला शंभर कमी. जास्तवाला प्रामाणिक निघाला म्हणून हिशेब खरा झाला. जुळला तो आधीच होता.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे येऊ. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांना आपण सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो. पण सिनेमाच्या आधी दादासाहेब छायाचित्रण आणि रंगीत छपाईच्या मागे होते. ते तिरंगी ठसे करण्याचं तंत्र शिकले, आणि त्याच छपाईचं अधिक ज्ञान आणि यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. या छपाईत मूळ चित्राचे तीन फोटो घ्यावे लागत. लाल काचेतून, हिरव्या काचेतून आणि निळ्या काचेतून. लाल काचेच्या निगेटिव्हवरून निळसर शाईचा ठसा, हिरवीवरून किरमिजी, निळीवरून पिवळा. जो रंग काचेने अडवला तोच शेवटी कागदावर उतरे. शिवाय छटा बारीक ठिपक्यांत फोडण्यासाठी आडव्या-उभ्या रेघांची एक काच कॅमेऱ्याच्या आत, प्लेटेच्या अगदी तोंडाशी उभी करत. माझ्या काचेची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

पुढे सिनेमाचा नाद लागल्यावर दादासाहेबांनी रात्र-रात्र जागून एवढ्या फिल्मा पाहिल्या की त्यांची दृष्टीच गेली. उपचार आणि तीन-चार चष्म्यांच्या जोरावर ती परत आली, तेव्हा कुठे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला. हे वाचून मी "अरेरे" म्हटलं, चहाचा घोट घेतला आणि पान उलटलं. त्या पानावर जरा जास्त थांबायला हवं होतं, हे मला पुढे कळलं.

मधल्या काळात ही रंगीत काच एकेक पाऊल आत सरकत होती. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेल्या प्लेटेवर ती काच काच उरलीच नाही. त्यांनी बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून प्लेटेवरच पसरले होते. बटाट्याने कलेसाठी एवढं केलं आणि आमच्या कांद्याने काय केलं? फक्त डोळ्यांतून पाणी काढलं, तेही कापणाऱ्याच्या कमी आणि पिकवणाऱ्याच्या जास्त.

१९३३ मध्ये कोल्हापूरच्या 'प्रभात'साठी व्ही. शांताराम यांनी 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. दुपदरी फिल्म वापरली. एकीला एक चिकटून दोन फिल्मा कॅमेऱ्यात धावायच्या, आणि पुढच्या फिल्मवरचा तांबूस थरच मागचीसाठी गाळणी व्हायचा. रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या. रंग मात्र भडक आले आणि तो प्रयोग फसला. गाळणी जितकी आत, तितकी तिची चूक दुरुस्त करणं अवघड!

शेवटचं पाऊल कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांनी टाकलं. सेन्सरच्या प्रत्येक कणावरच एकेक रंगीत ठिपका बसवायचा. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. १९७६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि आज बहुतेक डिजिटल कॅमेरे, तुमच्या मोबाइलमधला धरून, याच पद्धतीवर चालतात. प्रत्येक ठिकाणी तीनपैकी एकच रंग खरा मोजलेला असतो. बाकीचे दोन आजूबाजूला पाहून अंदाजाने भरतात. बँकेत असं केलं तर सस्पेंड करतात.

एवढी विद्या मिळवून मी एका अमावास्येला गच्चीवर गेलो. फोटो काढला. चांदण्यांच्या जागी लाडू आले. पुन्हा काढला. पुन्हा लाडू. दोन दिवसांनी उलगडा झाला. भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये काच आली की किरण एकत्र येण्याची जागा काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकते. माझी काच दोन मिलिमीटरची, म्हणजे जागा पाऊण मिलिमीटरला जरा कमी एवढी हलली. भिंग तेवढंच सेन्सरपासून लांब न्यायला हवं. पण मी माझं स्वस्तातलं रुंद भिंग 'अनंत' या खुणेवर नेऊन ठेवायचो, तिथून हलवायचोच नाही. हयातभर तुकाराम-ज्ञानेश्वर ऐकले, पण अनंताच्या थोडं अलीकडे थांबावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भिंग अलीकडे फिरवलं. चांदण्या टोकदार आल्या, पण आभाळ पांढरटच. कारण माझी काच जुन्या सोडियमच्या दिव्यांवर उतारा होती. त्यांचा उजेड एकाच पिवळ्या पट्टीत, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला. तेवढी पट्टी गाळली की काम भागे. आमच्या गल्लीत लागले होते पांढरे एलईडी. त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. चोर एकाच दाराने येत होता तोवर कडी लावणं सोपं होतं.

शेवटी कॅमेरा स्कूटरवर घालून मळ्यात गेलो. गाव मागे राहिलं, कुत्री ओळख विसरून भुंकली, आणि पहाटे तीनच्या सुमाराला एक फोटो असा आला की मी एकटाच "वा!" म्हणालो. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी धावत घरी आलो आणि आईपुढे पडदा धरला. "बघ, तुझं आभाळ. कुठेच गेलेलं नाही."

आईने कॅमेरा लांब धरला, जवळ धरला. मग माझं मन राखायला म्हणाली, "चांगलं शे. जरा धुरळा दिसतो."

बायको दारात उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही नेसलात ते लुगडं कोणत्या रंगाचं आहे?"

"काळं. जुनं शे ते."

लुगडं निळं होतं. वडिलांनी सटाण्याच्या बाजारातून आणलेलं. मला ते ठाऊक होतं. आईला तर असायलाच हवं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. निळा रंग आधी अडतो, मग उजेडच कमी होतो. म्हणजे पडद्यापुढे बसलेली गाळणी आईच्या डोळ्यांतच होती. ती कित्येक वर्षं रोज थोडी थोडी दाट होत होती, आणि मी गल्लीतले दिवे मोजत होतो. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. दिव्यांनी चांदण्या खाल्ल्याच होत्या. पण जुळलेल्या उत्तरावर खूश होऊन मी खातं बंद केलं होतं. फितीचा लाल रंग पाहून टाळ्या वाजवणाऱ्या १८६१ च्या मंडळींना हसायचा अधिकार मी तिथेच गमावला.

डोळ्यातलं गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरने १९४९ मध्ये केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट सोसले होते, हे त्याने पाहिलं होतं. आईचं भिंगही त्याच कुळातलं. मला खर्चाचा आकडा पाहून एवढंच वाटलं की, हे आधी केलं असतं तर माझ्या काचेला बसायची जागाच मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. आईने आधी माझ्याकडे पाहिलं आणि "किती म्हातारा झाला रे" म्हणाली. मग मांडीवरच्या पदराकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"आरे, हाई लुगडं तं निळं शे!"

त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. हात मात्र पदरावरून फिरत राहिला. आम्हीही काही बोललो नाही.

दुसराही डोळा झाल्यावर तिला गच्चीवर नेलं. गल्लीतले दिवे होतेच, आभाळ फिकटच होतं. आईने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि उत्तरेकडे बोट करून मोजायला लागली. म्हाताऱ्या बाईने पोराला गोष्ट सांगावी तशी. "चारी खूर शेतस. तिन्ही चोर शेतस." बाज जागच्या जागी होती. मी कॅमेऱ्यातला फोटो पुढे केला, तर ती म्हणाली, "त्याच्यात काय बघू? वर शे ना."

कॅमेऱ्याचे अजून अकरा हप्ते आहेत. काच डबीत आहे. फायदा एकच झाला. आता काउंटरवर कोणी आजोबा पासबुक नाकाशी धरून "बाकी किती रे?" विचारतात, तेव्हा मी आकडा सांगतो आणि भोकाशी वाकून विचारतो, "बाबा, डोळे दाखवले का?" मागची रांग चिडते. चिडू दे.