भोंगा आणि दफ्तर

देवास गेटाशी आपल्या मराठी कुटुंबांचे नाते दोन वास्तूंनी जोडलेले आहे. माधव महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकले, प्रभाकर माचवे यांनी शिकविले. आणि १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात हुतात्मा झालेल्या राजाभाऊ महाकाळांचे नाव तेथील बसस्थानकास आहे. ही नावे आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर याच शहराचा दिवस उगवत असे, त्यांची नावे मात्र आमच्या आठवणींच्या लेखांत क्वचितच येतात.

याचे कारण आमच्या येण्यातच आहे. आम्ही शिंद्यांच्या दफ्तराबरोबर आलो. दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेर येथे राजधानी नेली, तरी उज्जैनीतील कचेरी आणि शाळा आम्हांस पोसत राहिल्या. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. कचेरीवरची पाटी बदलली, नोकरी चालू राहिली. तिच्या शेवटी पेन्शन होती.

नजरअली, विनोद, विमल, हीरा या गिरण्यांत माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस कातला जाई. तेथील कामगाराच्या मागे राज्य नव्हते, संघटना होती. तीही १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने बांधलेली. एका क्षेत्रातील एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मालकाशी बोलणार, असा तो नियम. त्यामुळे शांतता नांदली असेल. पण मान्यता कोणाला, हा प्रश्न राजकारणाचा होऊन बसला. १९७४ मध्ये हीरा मिल राष्ट्रीयीकरणात गेली. विनोद मिल खाजगी राहिली आणि १९९० नंतरच्या दशकात बंद पडली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. गिरणी बुडाली की थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी कोणी द्यावयाची? १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कामगारांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीस आणले. कागदावर हा मोठाच विजय होता. परंतु वाटणीपूर्वी मालमत्ता विकली पाहिजे, आणि गिरणीची मोठी मालमत्ता म्हणजे जमीन. ती कोणाची, यावर वाद पेटला की लिलाव थांबतो, यंत्रे गंजतात, कामगार म्हातारे होतात. विनोद मिलच्या चार हजारांहून अधिक कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेजारच्या इंदुरात हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये सुटले ते डिसेंबर २०२३ मध्ये. अनेकांचा वाटा वारसांनी घेतला.

त्या तीन दशकांत आमच्या घरी पेन्शन दरमहा येत होती. आम्ही शेजारी होतो, पण त्या रांगेत नव्हतो, आणि रांग कशाची आहे हेही फारसे विचारले नाही.

अशा दाव्यांत हजेरीपट आणि पगारपत्रक यांनाच मोल असते. गिरणीच्या कार्यालयात कारकुनी केलेले काही जण आपल्याही कुटुंबांत असतील. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांखाली अशी एखादी वही निघाल्यास ती रद्दीत घालू नये. मंडळाच्या संग्रहात आणून द्यावी.