ब्रिटनच्या गाडीचं गोत्र

जॉन ब्रिटनची व्ही-१००० ही रेसिंग मोटरसायकल आकाशातून पडली असावी, अशा थाटात तिच्याबद्दल बोललं जातं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा एक गडी घरच्या शेडमध्ये इंजिनासकट अख्खी गाडी बनवतो आणि डुकाटीच्या फॅक्टरी टीमला घाम फोडतो, म्हटल्यावर दंतकथा व्हायचीच. पण गाडी सुटी करून बघितली, की भागाभागाचं गोत्र सापडत जातं.

पुढचा फोर्कच घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांना असतात त्या एकीत एक सरकणाऱ्या नळ्या. ब्रेक दाबला की नाक खाली घालणाऱ्या. त्यांना तेलाच्या डॅम्पिंगची जोड देऊन बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये त्या बाजारात आणल्या आणि आधीचे ताठ सांगाड्याचे गर्डर फोर्क हळूहळू भंगारात गेले. पुढे, रेसिंग मोटारी बनवणाऱ्या मॅक्लारेनमध्ये काम केलेल्या नॉर्मन हॉसॅकने मोटारीच्या सस्पेन्शनची रीत मोटरसायकलला लावली: चाक धरणारा ताठ सांगाडा, त्याला गाडीशी जोडणारे वर-खाली दोन त्रिकोणी आर्म आणि एकच शॉकअप. म्हणजे जुन्या गर्डरचाच नातू. ब्रिटनने याच घराण्यातला फोर्क कार्बन फायबर आणि केव्हलारमध्ये घडवला. चाकंही कार्बन फायबरचीच.

या गाडीला नेहमीची चासीच नाही, याचं कौतुक फार होतं. तेही नवं नव्हतं. इंग्लंडमधला मोटरसायकल उत्पादक फिलिप व्हिन्सेंट आणि त्याचा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर फिल अर्व्हिंग यांनी १९४६ च्या रॅपिड या गाडीत इंजिनालाच गाडीचा कणा केलं होतं. वरून जाणारी तुळई म्हणजे तेलाची टाकी. ब्रिटनने तोच विचार शेवटाला नेला. मागचा शॉकअप इंजिनाच्या पुढे आणला, रेडिएटर सीटखाली ढकलला. समोरून गाडी इतकी अरुंद झाली, की वाऱ्याला अडवायला फारसं काही उरलंच नाही.

शेडचंही गोत्र आहे. न्यूझीलंडमध्ये १९३८ पासून कित्येक दशकं आयातीवर परवान्यांची बंधनं होती. पार्ट मागवण्यापेक्षा तो घरी ओतणं सोपं. इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो १९२० च्या इंडियन स्काउटसाठी पिस्टन घरीच ओतायचा आणि तीच गाडी घेऊन १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने विक्रम केला. ब्रिटन त्याच मातीतला. डिस्लेक्सियामुळे वाचताना अडखळणारा. हात मात्र कसबी, काचेचे दिवेही बनवलेले. आधी त्याने डुकाटीवर स्वतःची बॉडी चढवली, मग गावातच बनलेलं डेन्को इंजिन वापरलं. ते दगा देत राहिलं, तेव्हा इंजिनही आपणच करायचं ठरलं: ६० अंशांचं, ९९९ सीसीचं व्ही-ट्विन, सुमारे १६६ हॉर्सपॉवरचं. गाडीचं वजन १३८ किलोच्या आसपास. बॉडीचा आकार तारा वाकवून, गरम गोंदाने चिकटवून ठरला. इंजिनाचे ओतीव भाग बायकोच्या मातीकामाच्या भट्टीत तापवून पाण्यात बुडवले गेले. माझ्या मते ब्रिटनची खरी नवलाई इथे आहे. जे इतरांच्या आराखड्यांत विखुरलेलं होतं, ते त्याने एकाच गाडीत आणलं, कारण ‘असं करत नाहीत’ म्हणणारा विभागप्रमुख त्या शेडमध्ये नव्हता.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर ब्रिटनची गाडी चालवणाऱ्या अँड्र्यू स्ट्राउडने फॅक्टरी डुकाटीला चाक उचलत मागे टाकलं आणि जिंकत आलेली रेस इलेक्ट्रिकल बिघाडाने गेली. आदल्या रात्री तडकलेला सिलिंडर वेल्ड करून गाडी उभी केली होती. बंद पडली ती भलत्याच कारणाने. पुढच्या वर्षी याच गाडीने मैलभराच्या पट्ट्यावर ताशी ३०२ किलोमीटरच्या वर वेग नोंदवला. १९९५ च्या सप्टेंबरात ब्रिटन कॅन्सरने गेला, ४५ व्या वर्षी. गाड्या एकूण दहाच बनल्या.

वंश पुढे चालला, पण वेडावाकडा. इटलीच्या बेनेलीने टोर्नॅडोत रेडिएटर सीटखाली ठेवला. नळ्यांचा फोर्क रुजवणाऱ्या बीएमडब्ल्यूनेच २००४ मध्ये के-१२००-एसला हॉसॅकच्या धर्तीचा फोर्क दिला. डुकाटीने २००९ च्या मोटोजीपी गाडीला कार्बनची चासी दिली आणि काही वर्षांत ती सोडून अॅल्युमिनियम धरलं. मोटोजीपीत पुढच्या चाकाला मात्र अजूनही त्याच दोन नळ्या. रेसरना त्या नाक खाली घालण्यातूनच टायरची पकड हाताला कळते, आणि त्या सवयीपुढे ब्रिटनचा फोर्क अजून तरी हरलेलाच आहे.