पत्ते संपले त्याची गोष्ट

आपल्या पिनकोडात आकडे सहाच का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. कारण ते पुरतात. इंटरनेटचे पत्ते मात्र पुरले नाहीत. त्याची ही गोष्ट.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९७७ मध्ये व्हिंट सर्फ यांनी तो ३२ बिटांचा ठरवला. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. प्रयोगाला ते भरपूर होते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेटने जुनी पद्धत सोडून ही स्वीकारली. यंत्रे मोजकी, म्हणून ते जमले.

पुढे जग जोडले गेले. १९९८ मध्ये १२८ बिटांच्या पत्त्याचा, आयपीव्ही-६ चा, आराखडा आला. पण नव्याची भाषा जुन्याला कळेना, आणि साऱ्या जगाला एका दिवसात बदलायला लावणार कोण? मग एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवून वेळ मारून नेली गेली. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी, तसे. अशा घराला बाहेरून थेट हाक मारता येत नाही.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. आधी आलेल्या अमेरिकी संस्थांकडे मुबलक पत्ते होते. उशिरा आलेल्या भारताला माणशी एकही नाही. मला वाटते, या टंचाईनेच आपल्याला पुढे ढकलले. २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइल इंटरनेट पसरले ते बव्हंशी नव्या पत्त्यांवर. जुने पत्ते अजूनही सोबत चालतात. पण पंगतीत शेवटी बसणाऱ्याला कधी कधी ताजे वाढले जाते, ते असे.