वेंगुर्ल्याची डच वखार : गोव्याच्या नाकेबंदीचा एक अवशेष

प्रस्तावना :
सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सागरी इतिहासाचे विवेचन बहुधा मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यापासून (१६६४) सुरू होते. तथापि त्यापूर्वी सत्तावीस वर्षे, १६३७ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनीने आदिलशाही मुलखातील वेंगुर्ले बंदरात वखार स्थापन केली होती. या वखारीमागे केवळ व्यापाराचा हेतू नव्हता, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

राजकीय पार्श्वभूमी :
१५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते. स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढणाऱ्या डचांना त्यामुळे गोवाही शत्रूचाच मुलूख ठरला. पावसाळा सरला की डच आरमार गोव्याची नाकेबंदी करी. या जहाजांना गोडे पाणी आणि रसद गोव्यानजीक, परंतु पोर्तुगीज अंमलाबाहेर मिळणे आवश्यक होते. ही गरज वेंगुर्ल्याने भागवली. १६६१ मध्ये डच-पोर्तुगीज तह झाला आणि १६६३ च्या आरंभी डचांनी कोची जिंकले. नाकेबंदी संपली, मलबारात नवे ठाणे मिळाले आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरत गेले. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले.

दोन वास्तुपरंपरा :
जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल (आरंभ १५६२) आणि व्हाइसरॉयची कमान (१५९९) यांवर युरोपीय प्रबोधनकालीन वास्तुशैलीची छाप आहे. ग्रीक-रोमन धर्तीचे स्तंभ आणि प्रमाणबद्ध दर्शनी भाग यांतून धर्मसत्ता व राजसत्ता यांचे वैभव प्रकट होते. वेंगुर्ल्याच्या वखारीत असे वैभव नाही. माल व माणसे सुरक्षित राखणे, एवढेच त्या तटबंदीयुक्त वास्तूचे काम होते.

समारोप :
जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. वेंगुर्ल्याची वखार मात्र दीर्घकाळच्या दुर्लक्षामुळे जीर्ण झाली. वस्तुतः या दोन्ही वास्तू एकाच संघर्षाच्या दोन बाजू आहेत. गोव्याचे वैभव कसे होते हे कमान सांगते. ते ओसरण्याचे एक कारण वखार सांगते. कंपनीचे दप्तर हेग येथे जतन केलेले आहे, परंतु त्या कागदपत्रांतील वेंगुर्ल्याची साक्ष देणारी वास्तू कोकणच्या पावसात उभी आहे. म्हणून तिचे जतन हे केवळ एका परकीय कंपनीच्या स्मारकाचे नव्हे, तर वेंगुर्ले बंदराच्या स्वतःच्या इतिहासाचे जतन ठरते.