वही कोणाच्या हाती?

वावरातून येऊन, चूल पेटवता पेटवता तुम्ही हे ऐकत असाल. आज आम्ही कर्जाची जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती पैशाची आहे, पण त्याहून जास्त वहीची आहे.

आपला समुद्रपूरचा भाग पूर्वी हिंगणघाट तहसिलीत होता, आणि हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ फार जुनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाचा भाव चढला. भाव चढला तशी उधारीही सढळ मिळू लागली. युद्ध संपले, भाव पडला, कर्ज मात्र जागचे हलले नाही.

पीक घरात येते वर्षातून एकदा, खर्च असतो रोजचा. मधल्या महिन्यांत सावकाराचे दार. धान्य आणले तर सवाई-दिढीने फेडायचे. चार पायल्या नेल्या, तर सवाईने पाच आणि दिढीने सहा परत. किती नेले, किती फिटले, हे लिहिलेले असायचे ते फक्त सावकाराच्या वहीत. ज्याला वाचता येत नव्हते त्याने खाली अंगठा लावायचा.

पुणे-नगरकडेही हीच गत होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे, वह्या जाळल्या. ते लोण पुढे अनेक गावांत पसरले. शेतकऱ्यांचा राग त्या कागदावर होता, हे यातून दिसते. मग १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पैसे भरले की पावती मिळावी, हिशेब लेखी मिळावा, हा कर्जदाराचा हक्क त्यात मान्य झाला.

आपण तेव्हा मध्यप्रांतात होतो. इकडे १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा आला. सावकार आणि कर्जदार यांना समोरासमोर बसवून, देणे ठरवून, किस्ती पाडून देणारी मंडळे त्यातून निघाली.

या साऱ्या गोष्टीत बाई कुठे होती? वहीत नाव बहुधा बाप्याचे. गहाण पडायचे ते मात्र बाईच्या अंगावरचे डोरले, पाटल्या. देणे तिच्या घरावर, पण हिशेब तिला कोणी सांगत नसे.

हे बदलायला पुढे बरीच वर्षे लागली. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले माविम, स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने देशात ५०० बचत गट बँकांशी जोडून पाहायचे ठरवले. गहाण काही नाही, बायांची बचत आणि गटाची वही, एवढ्यावर बँकेने कर्ज द्यायचे. तिथून ही वाट रुळली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. त्यातले शेवटचे सूत्र लहान समजू नका. सुप्यात जे जाळावे लागले, ते आज आपण आपल्या हाताने लिहितो.

तरीही आमच्यातल्या काही जणींनी चूक केली. घरी येऊन पैसे देणाऱ्या तीन-तीन ठिकाणांहून कर्ज उचलले आणि एकाची किस्त भरायला दुसऱ्याकडून घेतले. किस्त किती ते ठाऊक होते, व्याज किती ते विचारलेच नव्हते.

म्हणून हिशेब बोलून पाहू. शेकडा पाच म्हटले की थोडे वाटते. पण दर महिन्याचा शेकडा पाच म्हणजे १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये नुसते व्याज! गटाने शेकडा दोन ठेवले, तर तेवढ्याच रकमेवर वर्षाला २,४००. मुद्दल फेडत गेलो तर आणखी कमी, आणि ते व्याजही गटाच्याच पेटीत येते.

कायदाही माहीत असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला दिलेल्या अशा लहान कर्जाला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्जाचे कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवे. ते मागून घ्या. आणि विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

शेवटी घरची वही. लेकराची जुनी वही चालेल. एका पानावर आलेले, दुसऱ्यावर गेलेले, तिसऱ्यावर देणे: कोणाचे, किती, व्याज काय. जास्त व्याजाचे देणे आधी फेडा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, पण आकडा तुमच्या तोंडून येऊ द्या.

पुढच्या बैठकीला ही वही सोबत आणा. आम्हीही आमची आणतो.