मधल्या दिवसांची कळ

पहिल्यांदा ती कळ आली तेव्हा मला अपेंडिक्स वाटलं. ओटीपोटात उजवीकडे, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी. ऑफिसच्या जिन्यात रेलिंग धरून मी दहा मिनिटं उभी होते. संध्याकाळपर्यंत दुखणं विरून गेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा आलं, या वेळी डावीकडे. पाळीला अजून दोन आठवडे होते.

मावशीला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "लग्नाला दोन वर्षं झाली ना गं? एकदा दाखवून घे." पोट माझं दुखत होतं, पण काळजी पाळण्याची सुरू झाली. ज्या डॉक्टरकडे गेले, त्यांचाही पहिला प्रश्न तोच, "चान्स घेताय का?" नाही म्हटल्यावर पेनकिलर लिहून दिली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी फोनवर एकच गोष्ट शोधत होते : आत काही बिघडलंय का, मला मूल होईल का?

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी वेगळं विचारलं, "कधी दुखतं? तारखा सांग." माझ्याकडे तारखा नव्हत्या. "तीन महिने लिहून ठेव. बहुतेक स्त्रीबीज सुटतानाचं दुखणं आहे. जर्मन भाषेत त्याला 'मिटेलश्मर्झ' म्हणतात, म्हणजे मधलं दुखणं." मी तारखा लिहायला लागले, आणि त्या नावामागचा इतिहास वाचायलाही.

या इतिहासातलं एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही, ते म्हणजे १८७२. त्या वर्षी लंडनचे डॉक्टर विल्यम प्रीस्टली यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन पाळ्यांच्या मधे येणाऱ्या दुखण्यावर लेख लिहिला. बायका सांगत होत्या, पाळी नसतानाही दुखतं, मधेच दुखतं. एका डॉक्टरने ते ऐकून नोंदवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जनने पाळीशी जोडलेल्या त्रासावर उपाय म्हणून एका तरुण स्त्रीची अंडाशयंच काढून टाकली. पुढे ही शस्त्रक्रिया 'बॅटीचं ऑपरेशन' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत हजारो स्त्रियांवर ती झाली, कधी दुखण्यासाठी, तर कधी 'हिस्टेरिया' नावाच्या सोयीच्या आजारासाठी. अनेकींची अंडाशयं निरोगी होती. दुखणं गेलं तरी मूल होण्याची शक्यता कायमची गेली. मी रात्री दोन वाजता ज्याची भीती बाळगत होते, ते या बायकांच्या बाबतीत उपचारानेच घडवून आणलं होतं.

प्रीस्टलींनी नोंदवलेल्या त्या 'मधल्या' दिवसाचा अर्थ का लागला नसेल? स्त्रीबीज माहीत नव्हतं असं नाही. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्येच कुत्रीच्या अंडाशयात ते शोधून काढलं होतं. पण घोटाळाही कुत्रीनेच केला. माजावर येताना कुत्रीला रक्तस्राव होतो, तेव्हा बाईची पाळी म्हणजेही तसाच माज, असं एकोणिसाव्या शतकातल्या अनेक शास्त्रज्ञांनी धरलं. बीज पाळीच्या आसपास सुटतं, म्हणजे महिन्याचा मधला काळ 'सुरक्षित', असा सल्ला डॉक्टर जोडप्यांना देत. खरं तर नेमक्या त्याच दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आपल्याकडचं गणित वेगळं होतं. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य ठरवल्या. मधले दिवस या हिशोबात बसतात, हे खरं. पण पुढचा श्लोक लगेच समविषम रात्रींवर येतो, सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. रात्री मोजल्या त्या संततीसाठी.

कोडं सुटायला १९२४ उजाडावं लागलं. जपानमधल्या नीगाता शहरातले डॉक्टर क्यूसाकू ओगिनो पोटाच्या शस्त्रक्रिया करताना अंडाशयाची अवस्था पाहत आणि त्या बाईच्या पाळीच्या तारखांशी ताडून बघत. त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळे उलट मोजतोय. मागची पाळी धरून पुढे मोजलं तर दिवस जुळत नाहीत. पुढच्या पाळीपासून मागे मोजायला हवं, मग बारा ते सोळा दिवस आधी बीज सुटलेलं सापडतं. ऑस्ट्रियाचे हर्मन क्नाउस स्वतंत्रपणे साधारण याच उत्तरावर पोचले. ओगिनोंना हे ज्ञान मूल हवं असणाऱ्यांसाठी वापरायचं होतं. जगाने मात्र ते मूल टाळायला वापरलं, आणि त्यासाठी ते फारसं भरवशाचं ठरलं नाही.

माणसातलं बीज सुटतानाचे स्पष्ट फोटो तर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बेल्जियममध्ये जॅक डोने एक शस्त्रक्रिया करत होते, आणि योगायोगाने त्याच वेळी बीज बाहेर पडत होतं. हे झटक्यात होतं असा समज होता, पण या प्रसंगी सुमारे पंधरा मिनिटं लागली.

तीन महिन्यांनी मी माझ्या तारखा मांडल्या. पाळी कधी २८ दिवसांनी, कधी ३३. पुढे मोजून काहीच जुळेना. ओगिनोंसारखं मागे मोजलं, तर तिन्ही वेळा चौदा-पंधरा दिवस. मला हसूच आलं.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, सगळं ठीक होतं. त्यांनी समजावलं, बीज सुटण्याआधी अंडाशयावर ताण येतो, सुटताना थोडं पाणी किंवा रक्त पोटात सांडतं, म्हणून कळ येते. काही तासांत किंवा फार तर एकदोन दिवसांत ती जाते. एरवी ती वंध्यत्वाची खूण नाही. "पण मूल होईलच असं सर्टिफिकेटही नाही," त्या म्हणाल्या. दुखणं लांबलं, महिन्यागणिक वाढलं, पाळीत किंवा संबंधाच्या वेळीही दुखलं, तर एंडोमेट्रिऑसिससारखं कारण शोधावं लागतं. त्याने गर्भधारणेत अडचण येऊ शकते. आणि ताप, खूप रक्तस्राव किंवा चक्कर असेल, तर तारखा लिहीत बसायचं नाही, लगेच यायचं.

घरी येऊन मावशीला फोन केला. सगळं सांगितलं. ती पुन्हा गप्प झाली.

"मलाही व्हायचं गं तसं," ती म्हणाली. "तुझी आजी म्हणायची वायू आहे, ओवा खा."

"कधी व्हायचं? पाळीच्या आधी किती दिवस?"

"आता कुठलं आठवायला? तेव्हा कोणी विचारलंच नाही."